घरखर्चाची वही : मोठी गाडी आणि डिझेलचा हिशेब

मैत्रिणींनो, या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गॅस, किराणा आणि विजेच्या बिलाची असतात. या आठवड्याचे पत्र मात्र दारात उभ्या असलेल्या मोठ्या गाडीविषयी आहे. सांगलीच्या एका भगिनीने ते लिहिले आहे. नाव अर्थातच देत नाही, पण पत्र तुमच्यापैकी पुष्कळजणींच्या ओळखीचे वाटेल.

त्या लिहितात, "ताई, आमच्या ह्यांचा हळदीचा अडत व्यापार आहे. गेल्या दिवाळीत ह्यांनी पुण्याहून एक मोठी, परदेशी नावाची गाडी आणली. डिझेलची, २०२१ सालची, वापरलेली. नवी मध्यम गाडी येते तेवढ्यात मिळाली. 'हायवेला पंधरा-सोळाचं ॲव्हरेज देते, डिझेलची आहे, खर्च असा काही नाही,' असं हे म्हणाले. खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला. पण गाडी जाते कुठं? पेठेत, मुलाच्या क्लासला आणि संध्याकाळी देवळात. महिन्याला चारशे किलोमीटरसुद्धा कसेबसे होतात. दोन महिन्यांपूर्वी समोर पिवळा दिवा लागला. मी दोनदा म्हटलं, तर 'असू दे गं, सेन्सर असेल' म्हणाले. आता गाडी ओढतच नाही. गॅरेजवाला म्हणतो, आतला फिल्टर बदलावा लागेल, पावणेदोन लाख होतील. हे म्हणतात, मुलीच्या नावची ठेव मोडू. ती पुढच्या वर्षी बारावी होईल. तीन रात्री मला झोप नाही. गाडीतलं मला काही कळत नाही, मी बोलू तरी काय?"

भगिनी, गाडीतले कळत नाही असे म्हणू नका. तुम्ही दिवा पाहिलात आणि दोनदा सांगितलेत. घरात गाडीची काळजी घेणारे माणूस तुम्हीच आहात! तेव्हा आधी दोन गोष्टी करा. ठेव आत्ता मोडू नका आणि गाडी तोवर चालवू नका. बाकीचे सावकाश पाहू.

दिवा कशाचा होता?

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळे तुमच्यासारख्या डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर एक बारीक गाळणे असते. डिझेलची काजळी त्यात अडकते, म्हणून मागून काळा धूर येत नाही. पण गाळणे म्हटले की ते साफ करणे आलेच.

आजोळचा पाणी तापवायचा बंब आठवतो का? त्याच्या नळीत काजळी धरायची, खाली राख साठायची. बंब चांगला पेटला की काजळी जळून जाई. राख मात्र हाताने काढावी लागे. गाडीतही तसेच आहे. धूर पुरेसा तापला, म्हणजे साधारण ६०० अंशांपर्यंत गेला, की काजळी आपोआप जळते. त्यासाठी गाडी मोकळ्या रस्त्यावर एका वेगाने वीस-पंचवीस मिनिटे चालावी लागते. पेठ आणि क्लास एवढ्यात इंजिन धड गरमही होत नाही. गाडी सफाईला सुरुवात करते, तोच आपण घरी पोचतो आणि किल्ली फिरवतो. असे वरचेवर झाले की सफाईसाठी सोडलेले जादा डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते आणि ऑइल पातळ होते. घरी पोचल्यावर गाडीचा पंखा जोरात फिरत राहिलेला ऐकला आहे का? पुष्कळदा ती अर्धवट राहिलेल्या सफाईची खूण असते.

पिवळा दिवा पहिल्यांदा लागतो तेव्हा गाडी फक्त एवढेच सांगत असते, "मला जरा लांब घेऊन चला." त्याच दिवशी गाडी कोल्हापूर रस्त्याला अर्धा तास साठ-ऐंशीच्या वेगाने नेली असती, तर बहुधा तो डिझेलच्या पैशात विझला असता. आता गाडी ओढत नाही म्हणजे ती वेळ गेली. यापुढे काम गॅरेजचेच.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

फिल्टर बदलण्याला हो म्हणण्यापूर्वी यजमानांबरोबर स्वतः जा आणि हे प्रश्न कागदावर लिहून न्या.

१. कॉम्प्युटर लावून काजळी किती आणि राख किती, हे आकडे दाखवा. काजळी जळते, राख जळत नाही. पाच वर्षांच्या, थोड्या चाललेल्या गाडीत अडथळा काजळीचाच असण्याचा संभव अधिक.

२. गाडी उभी ठेवून, कॉम्प्युटरवरून ती काजळी जाळता येईल का? या कामाचा खर्च नव्या फिल्टरच्या मानाने अगदी थोडा असतो. काजळी फारच दाट झाली असेल तर हे करणे धोक्याचे ठरते, म्हणून आकडा आधी पाहायचा.

३. ते जमत नसेल तर फिल्टर काढून, धुऊन पुन्हा बसवता येईल का?

४. ऑइलमध्ये डिझेल उतरले आहे का? उतरले असेल तर ऑइल बदलायलाच हवे, आणि तेही गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचे. अशा गाड्यांना राख कमी करणारे ऑइल लागते.

५. फिल्टर तुंबण्याचे दुसरे काही कारण आहे का? एखादा सेन्सर किंवा इंजेक्टर बिघडला असेल, तर नवा फिल्टरही सहा महिन्यांत तुंबेल.

उत्तरे लेखी घ्या आणि दुसऱ्या एका गॅरेजला दाखवा. आणि "फिल्टर काढूनच टाकू, कटकट नको" असे कोणी सुचवले, तर हात जोडून बाहेर या. ते कायद्यात बसत नाही आणि तो धूर आपल्याच मुलांच्या नाकात जातो.

आता वही उघडू

तुमच्या यजमानांचे सगळेच चुकले असे नाही बरं का. डिझेल स्वस्त ही समजूत खरीच होती. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीला पेट्रोल लिटरला ७३ रुपये आणि डिझेल ४१ रुपयांच्या आत होते. पुढे ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलच्या दरावरचे नियंत्रण काढले आणि अंतर कमी होत गेले. जून २०२० मध्ये तर दिल्लीत काही दिवस डिझेल पेट्रोलच्याही वर गेले! दर बदलले, पण आपल्या घरातली समजूत मात्र जुनीच राहिली.

हिशेबासाठी पेट्रोल १०४ रुपये आणि डिझेल ९० रुपये धरू. तुम्ही तुमच्या पंपावरचा आकडा घाला. महिन्याला ४०० किलोमीटर. एवढीच मोठी पेट्रोल गाडी गावात ८ चे ॲव्हरेज देईल, म्हणजे ५० लिटर, ५,२०० रुपये. तुमची डिझेल गाडी गावात १० देईल (पंधरा-सोळा हायवेवरचे!), म्हणजे ४० लिटर, ३,६०० रुपये. बचत महिन्याला १,६००, वर्षाला १९,२०० रुपये. पावणेदोन लाखांचा एक फिल्टर म्हणजे नऊ वर्षांची बचत गेली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

आणखी पुढे लिहा. तुम्ही पत्रासोबत आकडे दिले आहेत : विमा ४६,०००, सर्व्हिसिंग ३६,०००, टायरचा जोड ९०,०००. टायर पाच वर्षे जातील असे धरले तर वर्षाला १८,०००. हे झाले बरोबर एक लाख. त्यात वर्षाचे डिझेल ४३,२०० मिळवा. गाडी वर्षाला ४,८०० किलोमीटर चालते, म्हणजे किलोमीटरला जवळजवळ ३० रुपये पडले. त्यांत डिझेलचे फक्त ९. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, ती तर यात धरलेलीच नाही. मोठी गाडी जुनी झाली की स्वस्त मिळते, पण तिचे सुटे भाग आणि टायर स्वस्त होत नाहीत, ते नव्याच गाडीच्या भावाने येतात.

याच्या उलट उदाहरणही सांगते. नाशिकचे माझे मावसभाऊ दर आठवड्याला कामाला मुंबईला जातात. त्यांची अशीच मोठी डिझेल गाडी आहे. पंधराच्या खाली ॲव्हरेज येत नाही आणि तो पिवळा दिवा त्यांना ठाऊकसुद्धा नाही. तेव्हा अशा गाडीत वाईट काही नाही. तिला लांबचे काम हवे, एवढेच.

गाडी ठेवायचीच असेल तर

● ॲव्हरेज स्वतः काढा. पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरा आणि किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी पुन्हा तशीच भरा. मधले किलोमीटर भागिले भरलेले लिटर. उदाहरणार्थ, ६१२ किलोमीटर आणि ४७ लिटर, म्हणजे १३. तीन वेळा काढल्याशिवाय आकडा खरा मानू नका.

● जवळच्या कामांना स्कूटर किंवा पाय. मोठी गाडी आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्याला न्या. दारात उभी करून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवल्याने बरे होत नाही, उलट काजळी वाढते.

● टाकी रिझर्व्हवर आणू नका. डिझेल कमी असले की कित्येक गाड्यांत ती सफाई सुरूच होत नाही.

● टायरची हवा महिन्यातून दोनदा, टायर गार असताना पाहा. हवा कमी असली की ॲव्हरेज उतरते आणि महागाचे टायर कडेने झिजतात. डिकीतले लग्नाचे आहेराचे खोके आणि सतरंज्या काढून ठेवा.

● अशा बहुतेक गाड्यांत डिझेलशिवाय ॲडब्लू नावाचे पाणी भरावे लागते. त्याची टाकी वेगळी, झाकण निळे. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया असतो. घरी शेतीचा युरिया आहे म्हणून तो पाण्यात विरघळवून मुळीच घालू नका. सीलबंद डबा घ्या आणि तो डिझेलच्या टाकीत चुकूनही ओतू देऊ नका. हे पाणी संपले की गाडी सुरू व्हायचे नाकारते.

● पंपावर खाली उतरून "डिझेल" असे मोठ्याने सांगा. पेट्रोलची नळी बारीक असल्याने ती डिझेलच्या टाकीत सहज जाते. चुकून पेट्रोल पडलेच, तर किल्लीला हात लावू नका. इंजिन सुरू न करता गाडी ओढून न्या, म्हणजे नुकसान टाकी रिकामी करण्यापुरतेच राहते.

● कृष्णाकाठच्या मैत्रिणींना २०१९ आणि २०२१ चा पूर सांगायला नको. विम्यात इंजिनसाठी वेगळे संरक्षण घेतले आहे का, ते पाहा. पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही सुरू करून पाहू नका.

घरात बोलायचे कसे?

आता तुमचा खरा प्रश्न. "मी सांगितलं होतं" हे वाक्य गिळून टाका. ते खरे आहे, पण ते ऐकल्यावर कुठलाही नवरा पुढचे ऐकत नाही. रविवारी जेवणे झाल्यावर वही पुढे ठेवा आणि विचारा, "अहो, ही गाडी महिन्यातून किती वेळा पुण्याला किंवा कोल्हापूरला जाणार आहे?" तीन महिने लिहून ठेवायचे ठरवा. लांबच्या फेऱ्या खरोखरच होत असतील, तर गाडी आनंदाने ठेवा. होत नसतील, तर दुरुस्त करून, बिले दाखवून, काय झाले होते ते न लपवता विका. दुसऱ्या घराला तोच दिवा भेट देऊ नये.

ठेवीचे मात्र विचारायचे नाही, सांगायचे. "ती मुलीची आहे, तिला हात लावायचा नाही. दुरुस्ती धंद्याच्या पैशातून करा, नाहीतर गाडी दोन महिने झाकून ठेवा." उभी असताना बॅटरीची तार तेवढी मेकॅनिककडून काढून घ्या आणि पावसाळ्यात बॉनेटखाली उंदीर शिरत नाहीत ना, ते पाहत जा. गाडी थांबेल, मुलीचे वर्ष थांबत नाही. ज्या वस्तूच्या दुरुस्तीसाठी मुलांची ठेव मोडावी लागते, ती वस्तू अजून आपल्या अंथरुणाबाहेरची आहे असे समजावे. तुमचे यजमान हिशेबी व्यापारी आहेत. आकडे समोर आले की त्यांनाही ते पटेल, असे मला वाटते.

गॅरेजने काय सांगितले ते मला जरूर कळवा. आणि ज्या मैत्रिणींच्या घरी मोठी गाडी घ्यायचे चालले आहे, त्यांनी ॲव्हरेज विचारण्याआधी घरातल्या फेऱ्या मोजाव्यात.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्यापूर्वी धान्य आणि डाळी कशा भरून ठेवाव्यात.