बंदुकीचे निवेदन : मागायचे काय, कुणाकडे आणि कसे?

आसामच्या मंत्रिमंडळाने २८ मे २०२५ रोजी एक निर्णय घेतला. धुबरी, नगाव, मोरीगाव, बारपेटा, दक्षिण सालमारा-मानकाचर यांसारख्या जिल्ह्यांतील 'असुरक्षित आणि दुर्गम' भागात राहणाऱ्या 'मूळ रहिवाशांना' शस्त्र परवाने देण्याची खास योजना मुख्यमंत्री हिमंत बिस्व सरमा यांनी जाहीर केली. हे जिल्हे कोणते, तिथे कोणत्या धर्माचे लोक मोठ्या संख्येने राहतात आणि बंदुकीचे तोंड कुणाकडे वळवले जात आहे, हे कळायला फार मोठ्या राजकीय पंडिताची गरज नाही. पण आंबेडकरी चळवळीच्या कार्यकर्त्याने या बातमीतून वेगळाच प्रश्न विचारला पाहिजे. असुरक्षित माणसाला परवाना द्यावा, हे तत्त्व सरकारला आज सुचले असेल, तर जो कायदा तीस वर्षांपूर्वी नेमके हेच सांगून बसला आहे, त्याचे काय झाले?

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) नियम १९९५ मधील नियम ३ आपल्यापैकी किती जणांनी वाचला आहे? 'अॅट्रॉसिटी'चा कायदा म्हटला की आपल्याला एफआयआर, अटक आणि जामीन आठवतो. अत्याचार घडून गेल्यावरचा कायदा आपल्याला पाठ आहे. अत्याचार घडूच नये म्हणून सरकारने काय करायचे, हे सांगणारा नियम ३ मात्र कपाटात पडून आहे. हा नियम राज्य सरकारला क्रमाने कामे लावून देतो. पहिले काम म्हणजे अत्याचार होण्याची किंवा पुन्हा घडण्याची भीती असलेली क्षेत्रे निश्चित करणे. दुसरे, जिल्हा दंडाधिकारी व पोलीस अधीक्षकांना तिथे पाठवून परिस्थितीचा आढावा घ्यायला लावणे. तिसरे, आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रातील दलित-आदिवासी नसलेल्या व्यक्तींचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि कौटुंबिक मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करून ती शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करणे. चौथे, सर्व बेकायदा शस्त्रे जप्त करणे. आणि पाचवे, जीवित व मालमत्तेच्या रक्षणासाठी आवश्यक वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना शस्त्र परवाने देणे.

हा क्रम नीट लक्षात घ्या. कायद्याने आधी अत्याचार करू पाहणाऱ्याच्या हातातले हत्यार काढायला सांगितले आहे आणि मग आपल्या हातात द्यायचा विचार करायला सांगितले आहे. आपले पुढारी मात्र थेट पाचव्या पायरीवर उडी मारतात. हाथरसच्या प्रकरणानंतर २०२० मध्ये भीम आर्मीचे चंद्रशेखर आझाद यांनी वीस लाख बहुजनांना तातडीने परवाने द्या आणि बंदूक घ्यायला पन्नास टक्के अनुदान द्या, अशी मागणी केली होती. त्यामागचा संताप शंभर टक्के खरा होता. पण त्या मागणीला सरकारने 'नाही' म्हणण्याची सुद्धा तसदी घेण्याचे कारण नव्हते. कारण त्यात गाव नव्हते, अर्जदार नव्हता, अधिकारी नव्हता आणि मुदतही नव्हती. अशी मागणी भाषणात शोभते, फाइलमध्ये ती उभी राहत नाही.

बंदूक या देशात कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या छातीवर आहे, याचा हिशेब रक्ताने लिहिलेला आहे. १९९७ च्या १ डिसेंबरच्या रात्री बिहारच्या लक्ष्मणपूर बाथे गावात रणवीर सेनेने ५८ माणसे मारली. सत्र न्यायालयाने २६ जणांना दोषी धरले आणि २०१३ मध्ये पाटणा उच्च न्यायालयाने ते सर्वच्या सर्व सोडले. १७ जुलै २०१९ रोजी उत्तर प्रदेशात सोनभद्रच्या उम्भा गावी ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसे आली आणि जमिनीच्या वादात दहा गोंड आदिवासींना गोळ्या घातल्या. २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदमध्ये ग्वाल्हेरला एक खासगी माणूस पिस्तूल झाडताना कॅमेऱ्याने टिपला. आणि आपल्या घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ ला दहा जण मारले गेले, तेव्हा तर बंदूक राज्य राखीव पोलीस दलाची होती, म्हणजे खुद्द सरकारची! या सगळ्या ठिकाणी आपल्या माणसाकडे बंदूक असती तर तो वाचला असता, असे मी म्हणणार नाही. ती समोरच्याकडे नसती तर बहुतेक जण वाचले असते, एवढे मात्र नक्की म्हणेन.

शस्त्राचा हक्क आणि अर्ज यांचे नाते आपल्या चळवळीला नवे नाही. किंबहुना आपल्या चळवळीचा उगमच अशा अर्जात आहे. इंग्रजांनी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांकडे विनंतीपत्र तयार केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज पाठवला आणि सैन्यात व पोलिसात प्रवेश मागितला. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली. पुढे व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते त्याच वर्षी, १९४१ च्या ऑक्टोबरात, बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. १८९४ ते १९४१ ही सत्तेचाळीस वर्षे आहेत! या माणसांनी अर्जात शिव्याशाप दिले नाहीत आणि गयावयाही केली नाही. आमच्या पूर्वजांनी केलेली नोकरी ही, आमचा पुरावा हा, आमची मागणी ही आणि ती तुमच्याच तत्त्वाला धरून आहे, असा तो युक्तिवाद होता. खालच्या वर्गांनी चातुर्वर्ण्याविरुद्ध बंड का केले नाही, याचे उत्तर देताना बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये निःशस्त्रतेकडेच बोट दाखवले आहे. ज्याच्याकडून शस्त्र आणि शिक्षण दोन्ही काढून घेतले, तो उठणार कशाच्या बळावर?

कायदा सर्वांना सारखा आहे, समाज पाहून शस्त्र देता येत नाही, असे कुणी सांगितले तर त्याला कोडगूचे उदाहरण द्यावे. तिथल्या कोडवा समाजाला आणि जम्मा जमीनधारकांना परवान्यातूनच सूट आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवली. म्हणजे समाज पाहून शस्त्र देता येते. फक्त तो समाज कोणता, एवढाच प्रश्न आहे. अमेरिकेतही हेच झाले. तिथे बंदूक बाळगणे घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीने हक्क मानला जातो. पण ज्यांच्या नावावरून आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये नाव घेतले, त्या ब्लॅक पँथरच्या काळ्या तरुणांनी कायद्यानुसार उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला सुरुवात केली, तेव्हा कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये लगेच कायदाच बदलला. त्यावर सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन! हक्क काळ्या हातात गेला की त्याचा 'सुव्यवस्थेचा प्रश्न' होतो.

आता आपल्यातल्याच दोन आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप धम्माचा. पंचशील घेणाऱ्याने बंदूक कशी मागायची? तथागतांनी उपासकाला शस्त्रांचा व्यापार वर्ज्य सांगितला आहे, हे खरे. पण मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यातला फरक बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्ट केलेला आहे. शील म्हणजे अन्यायापुढे मान तुकवणे नव्हे. तरीही माझे स्वतःचे मत असे की, घरात आलेली बंदूक पुष्कळदा घरातल्याच माणसावर चालते. दारू, कर्ज आणि भाऊबंदकी आपल्या वस्तीतही आहे. म्हणून मला सरसकट बंदुका नकोत. दुसरा आक्षेप सरकारचा हेतू काय, हा. छत्तीसगडमध्ये सरकारने आदिवासी पोरांच्याच हातात बंदुका देऊन त्यांना विशेष पोलीस अधिकारी केले. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ रोजी ते घटनाबाह्य ठरवले. स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठी गरिबाच्या खांद्यावर बंदूक ठेवणारे सरकार आपल्याला नको आहे. आपले रक्षण करणे हे राज्याचेच काम आहे आणि नियम ३ ते राज्यालाच लावून देतो.

माझ्या वकिलीतला एक अनुभव सांगतो. मराठवाड्यातल्या एका गावात गायरान जमिनीचा वाद होता. समोरच्याकडे परवान्याची बाराबोअर बंदूक होती आणि तो ती ओट्यावर बसून पुसत असे, मुद्दाम, आमची माणसे शेताकडे निघाली की! वस्तीतल्या एकाने परवान्यासाठी अर्ज केला. 'अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही' असा शेरा मारून तो नाकारला गेला. मग कार्यकर्त्यांनी तीन पानी निवेदन लिहिले. त्यात मनुवाद होता, पेशवाई होती, खैरलांजी होती. प्रती चौदा जणांना, राष्ट्रपतींपासून जिल्हा परिषद सदस्यापर्यंत. उत्तर काय आले? 'योग्य त्या कार्यवाहीस्तव अग्रेषित.' चौदा पत्रांची चौदा टेबले फिरून ते कागद ज्या ठाण्याविरुद्ध तक्रार होती त्याच ठाण्यात येऊन पडले.

नंतर आम्ही अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. गावाचे नाव, बंदूक दाखवल्याच्या तीन तारखा, दोन साक्षीदार, आधीच्या तक्रारीचा आवक क्रमांक आणि एकच मागणी : नियम ३(१) च्या तिसऱ्या खंडाखाली हे शस्त्र जमा करून घ्यावे, आणि तसे करणे आवश्यक वाटत नसल्यास कारण लेखी कळवावे. प्रत फक्त स्थानिक आमदारांना, दक्षता समितीचे सदस्य म्हणून. दीड महिन्याने बंदूक जमा झाली. परवाना नाकारल्याविरुद्ध अपील करू या, असे मी त्या माणसाला म्हणालो. तो म्हणाला, "वकीलसाहेब, त्याच्याकडं नाही तर मला तरी कशाला पाहिजे?"

त्या अनुभवावरून कार्यकर्त्यांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

एक, पत्र कुणाला हे आधी ठरवा. परवान्याचा अधिकार जिल्हा दंडाधिकाऱ्यांना आणि आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांना आहे. मंत्र्याला परवाना मागू नका, मंत्र्याला जाब मागा. नियम १६ खालील राज्यस्तरीय उच्चाधिकार दक्षता समितीचे अध्यक्ष मुख्यमंत्री असतात. तिची बैठक वर्षातून किमान दोनदा, जानेवारी आणि जुलैत व्हायला हवी. राज्यातील अनुसूचित जाती-जमातींचे सर्व खासदार-आमदार तिचे सदस्य आहेत. नियम १७ खालील जिल्हा समितीची बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हायला हवी. राखीव जागेवर निवडून आलेल्या आमदाराला विचारा : साहेब, मागच्या बैठकीत तुम्ही आमच्या तालुक्याचे काय मांडले? त्याच्याकडे उत्तर नसेल तर तेही मतदारांना कळू द्या.

दोन, एका पत्रात एकच मागणी. नियम ३ ची सुरुवात क्षेत्र निश्चितीपासून होते, म्हणून पहिले पत्र एवढेच विचारेल : आमचे गाव अत्याचारप्रवण क्षेत्राच्या यादीत आहे काय, नसल्यास का नाही? दहा रुपयांच्या माहिती अर्जावर हे विचारता येते.

तीन, 'आवश्यक वाटल्यास' हे शब्द अधिकाऱ्याला पळवाट वाटतात. ती गरज तारीख, वेळ आणि साक्षीदारासह कागदावर आणणे हेच पत्राचे काम. एकदा गरज नोंदली गेली की तिच्याकडे दुर्लक्ष केल्याचा जाब उच्च न्यायालयात मागता येतो. बेकायदा शस्त्रे जप्त करण्याच्या खंडात तर 'आवश्यक वाटल्यास' हे शब्दच नाहीत!

चार, परवान्याचा अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. पुरेशी मालमत्ता नाही, केवळ एवढ्या कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे शस्त्र अधिनियम १९५९ चे कलम १४ स्पष्ट सांगते. कलम १८ खाली मुदतीत अपील करा.

पाच, आमदारांना तारांकित प्रश्न तयार करूनच द्या. किती क्षेत्रे निश्चित झाली, तिसऱ्या खंडाखाली किती परवाने रद्द झाले, पाचव्या खंडाखाली किती दिले? तीनच प्रश्न. माझ्या वकिलीत पाचव्या खंडाखाली परवाना मिळालेला एकही माणूस मला भेटलेला नाही. राज्याचा आकडा सभागृहाच्या पटलावर येऊ द्या.

प्रत्येक निवडणुकीत आचारसंहिता लागली की हेच प्रशासन परवानाधारकांची शस्त्रे ठाण्यात जमा करून घेते. त्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. मतपेटीच्या रक्षणासाठी जे करता येते, ते वस्तीच्या रक्षणासाठी का करता येत नाही? हाच प्रश्न येत्या जानेवारीच्या बैठकीआधी प्रत्येक तालुक्यातून अर्ध्या पानावर, सहीनिशी जाऊ द्या. आणि टपाल शाखेतून पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. पोच नसलेले निवेदन म्हणजे न दिलेले निवेदन.

जय भीम!