जखमी माणसाचे छायाचित्र आणि त्याचा दावा

इंदुरीजवळच्या कुंडमळ्यात १५ जून २०२५ च्या रविवारी इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांना मृत्यू आला आणि पन्नासच्या आसपास माणसे जखमी झाली, तेव्हा नदीतला शोध संपण्याच्या आतच ‘सेल्फीसाठी गर्दी केली म्हणून हे घडले’ असा निवाडा समाजमाध्यमांनी देऊनही टाकला होता. पूल धोकादायक असल्याची सूचना तेथे होती, हे खरे. परंतु नव्या पुलाला निधी मंजूर होऊनही त्याचे काम सुरू झाले नव्हते, आणि पावसाळ्यातल्या रविवारी मावळात लोटणारी गर्दी कोणत्याही अंमलदाराला अपरिचित नव्हती, हेही तितकेच खरे आहे. जखमी माणसाच्या हयगयीचा काही अंश असेल तर तो भरपाईतून अवश्य वजा व्हावा. पण सार्वजनिक वास्तूची निगा राखण्याचे कर्तव्य ज्यांच्या शिरावर आहे, त्यांची जबाबदारी एखाद्या रीलमुळे धुऊन निघते, हे मला मुळीच मान्य नाही.

समाजमाध्यमांवरच्या एखाद्या चित्रावरून जखमी माणसाचा निवाडा करावा का, हा प्रश्न मोटार अपघाताच्या दाव्यांत अधिक सूक्ष्म रूपाने उभा राहतो. समजा, इंदुरीतून जाणाऱ्या तळेगाव-चाकण रस्त्यावर एका कामगाराचा पाय मोडला, त्याने मुदतीत न्यायाधिकरणापुढे अर्ज केला, आणि काही महिन्यांनी भंडारा डोंगरावरील मंदिरापुढे हसतमुखाने उभा असलेला त्याचा फोटो विमा कंपनीच्या वकिलांनी पुढे ठेवला. डोंगर चढणारा मनुष्य अपंग कसा, हा सवाल ऐकणाऱ्याला बिनतोड वाटतो. परंतु त्या माथ्यापर्यंत आता मोटार जाते, आणि घरी परतल्यावर त्याने रात्र कशी काढली, हे छायाचित्रात उमटत नाही. व्यंगामुळे त्या विशिष्ट माणसाच्या कमाईच्या सामर्थ्यावर काय परिणाम झाला हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात सांगितले आहे. देवदर्शनाच्या वेळच्या हास्याने त्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

खोटे दावे होतात आणि तसा लबाड मनुष्य स्वतःच्याच व्हिडिओने उघडा पडत असेल तर त्याबद्दल कोणी हळहळू नये. मात्र पुरावा रीतसर यावा. जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या अर्जुन खोतकर प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करताना प्रमाणपत्र आवश्यक ठरविले, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही ती अट कायम आहे. कोणीतरी पुढे पाठविलेल्या स्क्रीनशॉटच्या भरवशावर गरिबाची भरपाई कापली जाऊ नये.

जखमींना आणि त्यांच्या आप्तांना माझी कळकळीची विनंती आहे, की दावा चालू असेतो अपघाताविषयी, प्रकृतीविषयी किंवा तडजोडीच्या रकमेविषयी काहीही प्रसिद्ध करू नये. नातलगांनी लग्नकार्यातले फोटो टाकतानाही जखमी माणसाला विचारावे. जे आधीच टाकले आहे ते भयापोटी पुसू नये, कारण हाताशी असलेला पुरावा दडविणाऱ्याविरुद्ध अनुमान काढण्याची न्यायालयाला मुभा असते. ते आपल्या वकिलाला दाखवावे. आणि पुलाच्या गंजलेल्या पट्ट्या किंवा रस्त्यातला खड्डा ज्यांच्या मोबाईलमध्ये त्या दिवशी टिपला गेला असेल, त्यांनी ते मूळ चित्रण आणि तो मोबाईल दोन्ही जपून ठेवावीत, कारण वर्षभराने तो खड्डा बुजलेला असेल आणि तो पूलही तेथे नसेल.