बारभाईंची लेखणी

गेल्या वर्षीं विद्यार्थ्यांच्या एका दूरचित्रवाणी-स्पर्धेंत घडलेला प्रसंग वाचकांपुढें मांडतों. एका महाविद्यालयांतील नऊ मुलामुलींनीं मिळून सहा भागांची एक मालिका लिहिली आणि स्वतःच ती चित्रित केली. त्यांच्या लेखन-बैठकींत मी अनेक रात्रीं श्रोता म्हणून बसलों होतों. स्पर्धेच्या प्रवेशपत्रावर 'लेखकाचें नांव' या शब्दांपुढें एका नांवापुरती रेघ होती. मुलांनीं त्या रेघेवर दाटीवाटीनें नऊ नांवें लिहिलीं. कोणातरी एकाचेंच नांव ठेवा, असें संयोजकांनीं कळविलें. मुलांनीं तें मानलें नाहीं. मालिका दाखविली गेली, प्रेक्षक पोट धरून हंसले. परंतु लेखनाच्या पारितोषिकासाठीं तिचा विचारसुद्धां झाला नाहीं. समारंभानंतर एका विद्वान् परीक्षकांनीं माझी समजूत घातली कीं, वाङ्मय हें एकट्याचें तप आहे; दहा हातांनीं होते ती बारभाईंची शेती!

त्या म्हणीलाच प्रथम हात घालूं. बारभाईंचें नांव आपण घोटाळ्याला दिलें. पण इतिहास काय सांगतो? १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर राघोबादादांच्या हातून सत्ता काढून घेण्यासाठीं सखारामबापू, नाना फडणीस, हरिपंत फडके प्रभृति मुत्सद्दी एकत्र आले. १७७४ सालीं जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवानें त्यांनीं राज्य चालविलें, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें इंग्रजांना राघोबांचा पक्ष सोडणें भाग पाडलें. पुढें त्यांच्यांत बेबनाव झाला, हें मी नाकारीत नाहीं. तथापि एकट्याच्या महत्त्वाकांक्षेनें बुडूं पाहणारें राज्य अनेकांच्या मसलतीनें तरलें, हें म्हण वापरणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

आतां तपाविषयीं. महाभारत कसें लिहिलें गेलें, याची परंपरागत कथा घरोघर ठाऊक आहे. गणपतीनें अट घातली कीं, आपली लेखणी क्षणभरही थांबतां कामा नये. व्यासांनीं उलट अट घातली कीं, अर्थ उमगल्याखेरीज एक अक्षरही लिहावयाचें नाहीं. सहलेखनाचें सारें शास्त्र या दोन अटींत आलें आहे. सोबत्याला रेंगाळूं द्यावयाचें नाहीं, आणि न समजतां पुढेंही जाऊं द्यावयाचें नाहीं. एकट्या लेखकाला या दोन्ही अटी स्वतःच स्वतःवर घालाव्या लागतात, आणि स्वतःला सूट देण्यांत आपण सारेच उदार असतों!

दूरचित्रवाणीच्या क्षेत्रांत तर हा वाद केव्हांच निकालांत निघाला आहे. ग्लासगो विद्यापीठांत विद्यार्थ्यांनीं स्वतःचें दूरचित्रवाणी-केंद्र १९६४ सालींच चालू केलें. त्याच दशकांत केंब्रिजच्या 'फूटलाइट्स' या विद्यार्थी-मंडळींत जॉन क्लीझ, ग्रॅहॅम चॅपमन व एरिक आयडल, आणि ऑक्सफर्डच्या विद्यार्थी-प्रहसनांत मायकेल पेलिन व टेरी जोन्स तयार झाले. टेरी गिलियम हा अमेरिकन चित्रकार त्यांना येऊन मिळाला, आणि ५ ऑक्टोबर १९६९ रोजीं बीबीसीवर 'मॉंटी पायथन्स फ्लाइंग सर्कस' सुरू झालें. १९७४ पर्यंत त्याचे ४५ भाग झाले. त्यांची रीत पाहण्यासारखी होती. क्लीझ-चॅपमन एकत्र लिहीत, पेलिन-जोन्स एकत्र लिहीत, आयडल बहुधा एकटाच लिही. मग सर्वांसमोर वाचन होई. मंडळी हंसली तर प्रवेश राही, न हंसली तर जाई. प्रेक्षकांपुढें मात्र नांवें सर्वांचीं एकत्र येत. पहिलें वाक्य कोणाचें, याचा हिशेब त्यांनीं प्रेक्षकाला दिला नाहीं, आणि प्रेक्षकानेंही मागितला नाहीं.

पण परदेशचे दाखले बाजूला ठेवूं. डोळ्यांनीं पाहिलेलें सांगतों. आमच्या मालिकेंत खाणावळ चालविणारी एक मावशी होती. एका चतुर मुलीनें तिचा प्रवेश लिहून आणला. मावशीची बोली, तिचा कंजूषपणा, पोळ्या मोजण्याची संवय, सारें अगदीं हंसविणारें. सगळे हंसले, एक मुलगा तेवढा हंसला नाहीं. बराच वेळ गप्प बसून तो म्हणाला, "माझी आई खाणावळ चालवते. ती पोळ्या मोजते, कारण शेवटीं तिच्या वाट्याला किती उरतात तें तिला पाहायचं असतं." खोलींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. मग त्या मुलीनेंच आपला कागद त्याच्यापुढें सारला आणि म्हणाली, "मग तूं सांग, मी लिहितें." पहाटेपर्यंत दोघांनीं तो प्रवेश पुन्हां लिहिला, बाकीच्यांनीं मधून मधून भर घातली. चित्रण झाल्यावर प्रेक्षक त्या प्रवेशाला आरंभीं हंसले आणि शेवटीं गप्प झाले. विनोद मुलीचा, वेदना मुलाची, शेवटचें वाक्य तिसऱ्याच कोणाचें. आतां परीक्षकमहाशयांनीं सांगावें, त्या रेघेवर कोणाचें नांव लिहावयाचें? सहलेखनाचा खरा आनंद हाच कीं, आपल्या हातून होऊं घातलेला अन्याय दुसऱ्याच्या तोंडून वेळेवर कळतो, आणि तो कळल्यानें आपण लहान होत नाहीं.

या पद्धतीचे दोष मला दिसत नाहींत असें कोणी समजूं नये. नवांत एक-दोघे चहापुरतेच हजर असतात. मोठ्या आवाजाचा मनुष्य बारीक आवाजाच्या चांगल्या कल्पनेला दाबतो. सर्वांना पटेल तेंच ठेवण्याच्या नादांत लेखन पाणचट होण्याचें भय असतें. आमच्याही बैठकींत भांडणें झालीं, आणि अखेरचा हात कोणीतरी एकानें फिरवावा हें ठरवावेंच लागलें. परंतु अखेरचा हात एकाचा असला म्हणजे सारें लेखन त्याचें होत नाहीं. शिवाय आळस, अहंकार आणि पाणचटपणा हे दोष एकांतांत बसणाऱ्या लेखकाला शिवत नाहींत काय? फरक इतकाच कीं, त्याला ते सांगणारें खोलींत कोणी नसतें.

हा वाद केवळ मुलांच्या पारितोषिकाचा नाहीं. २०२३ सालीं अमेरिकेंतील चित्रपट व दूरचित्रवाणीच्या लेखकांनीं २ मेपासून १४८ दिवस संप केला. मालिकेच्या लेखन-कक्षांत लेखकांची एक किमान संख्या असलीच पाहिजे, आणि यंत्रानें जुळविलेल्या मजकुराला लेखक मानूं नये, या त्यांच्या मागण्यांतील दोन प्रमुख मागण्या होत्या. नव्या करारांत दोहोंचीही तरतूद झाली. लेखन-कक्ष रिकामे करण्यांत पैसा वांचतो, हें धनिकांनीं ओळखलें आहे. सर्वांचें ऐकून घेऊन कोणाशींही न भांडणारें यंत्र त्यांना स्वस्त पडतें. पण पोळ्या कां मोजतात, हें सांगावयाला त्या यंत्राची आई खाणावळ चालवीत नसते. अशा काळीं नऊ तरुण एका खोलींत बसून एकमेकांचें ऐकावयास शिकत असतील, तर त्यांना "एकाचें नांव द्या" म्हणणें म्हणजे त्या धनिकांचेंच काम फुकट करणें होय.

माझें संयोजकांना सांगणें साधें आहे. मुलांना बक्षीस द्या अगर देऊं नका. त्यांची मालिका सामान्य वाटली तर तसें स्पष्ट म्हणा, तीं ऐकून घेतील. ऐकून घेण्याची त्यांना संवय झाली आहे. मात्र यंदाचें प्रवेशपत्र छापतांना ती रेघ जरा लांब करा. कागदाला त्याचा फारसा खर्च येणार नाहीं.