मुक्या शिपायाचे रक्षण

पोलिसांच्या सेवेतील कुत्रा वेतन घेत नाही, रजा मागत नाही आणि आपल्या पराक्रमाची बढाईही मारीत नाही. 'शोध' म्हणताच तो वास घेत निघतो व 'थांब' म्हणताच जागच्या जागी थांबतो. १९९३ साली मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले, तेव्हा पोलिसांच्या श्वानपथकातील 'जंजीर' नावाच्या लॅब्रॅडॉर कुत्र्याने दडवून ठेवलेली ३,००० किलोग्रॅमहून अधिक स्फोटके हुडकून दिली. ती फुटली असती, तर किती घरांचा नाश झाला असता, याची कल्पनाही करवत नाही. २००० साली जंजीर मरण पावला, तेव्हा पोलिसांनी त्यास मानवंदना देऊन निरोप दिला. असे मुके शिपाई आज अनेक देशांत माणसांचे प्राण वाचवीत आहेत. मग त्यांचे प्राण वाचविण्याची जबाबदारी कोणाची?

चोराच्या सुरीपासून किंवा गुन्हेगाराच्या गोळीपासून या कुत्र्यांना धोका असतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्यांचा आणखी एक शत्रू आहे. तो आवाज करीत नाही व डोळ्यांना दिसतही नाही. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीतील उष्णता, हाच तो शत्रू होय.

इंग्लंड हा थंड हवेचा देश. तेथील नॉटिंगहॅमशायर परगण्यात जून २००९ मध्ये पोलिसांच्या मुख्यालयाबाहेर उभ्या असलेल्या मोटारीत दोन पोलिसी कुत्रे उष्णतेने मरण पावले. त्या दिवशी बाहेरचे तापमान सुमारे २९ अंश सेल्सिअस होते. ज्या चंद्रपुरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तेथील मनुष्य अशा दिवसास कडक ऊन म्हणणारही नाही. त्या कुत्र्यांना सांभाळणारा पोलीस, म्हणजेच श्वानहस्तक, त्यांना गाडीत विसरून गेला होता. २०१० साली न्यायालयाने त्यास दोषी ठरविले. पुढे मे २०१५ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यातही असेच घडले. हायलिया शहराच्या पोलीस दलातील दोन कुत्रे त्यांच्या हस्तकाच्या घरापाशी उभ्या असलेल्या गाडीत राहून गेले व गतप्राण झाले.

सौम्य दिवशीही गाडी एवढी तापते कशी? सूर्याचा प्रकाश काचेतून सहज आत शिरतो. त्याने आसने, पोलादी पिंजरा व समोरची काळी फळी तापते आणि त्यांच्या संगतीने आतील हवाही तापू लागते. ही तापलेली हवा कोंडली गेल्यामुळे बाहेर पडू शकत नाही. कॅलिफोर्नियात केलेल्या अशा प्रयोगांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. बाहेरची हवा अवघी २२ अंश असली, तरी उन्हातील बंद मोटार तासाभरात आणखी सुमारे २२ अंशांनी तापते. आणि या वाढीचा बहुतेक भाग, शेकडा ८० इतका, पहिल्या अर्ध्या तासातच होऊन जातो, असे त्यांत आढळले. खिडकीची काच थोडी खाली ठेवल्यानेही फारसा फरक पडला नाही. 'पाच मिनिटांत येतो' आणि 'काच थोडी उघडी आहे' ही दोन्ही समाधाने किती पोकळ आहेत, हे यावरून कळून येईल.

माणसाच्या सर्वांगास घाम सुटतो व तो वाळताना शरीर थंड होते. कुत्र्यास ही सोय नाही. त्याला घाम येतो तो केवळ पंजांच्या तळव्यांना, आणि तोही अल्प. म्हणून तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो व श्वासावाटे उष्णता बाहेर सोडतो. परंतु कोंडलेली हवाच तापली आणि त्याच्या उच्छ्वासाने दमट झाली, म्हणजे धापा टाकणे निष्फळ होते. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणतः ३८ ते ३९ अंश असते. ते ४१ अंशांच्या वर गेले, की उष्माघाताने प्राणावर बेतते. नुकताच धावून आलेला कुत्रा तर आधीच तापलेला असतो.

या संकटावर शास्त्राने एक उपाय शोधला आहे. गस्तीच्या गाडीत तापमापक बसवितात. उष्णता ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली, की भोंगा वाजू लागतो, काचा आपोआप खाली येतात, पंखा सुरू होतो आणि हस्तकास दूरवरही सूचना मिळते. कोणी म्हणेल, 'माणसांनाच जेथे सावली मिळत नाही, तेथे कुत्र्यांसाठी एवढा खर्च कशाला?' हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तथापि उन्हात राबणारा मनुष्य सावली शोधू शकतो, पाणी मागू शकतो, निदान ओरडू तरी शकतो. गाडीतील कुत्र्यास यांपैकी काहीच शक्य नाही. कारण दार उघडण्याची शक्ती निसर्गाने त्यास दिली नाही आणि आज्ञा मोडण्याची सवय माणसाने उरू दिली नाही. ज्याचे स्वातंत्र्य आपल्या कामासाठी काढून घेतले, त्याच्या सुरक्षिततेची हमी देणे हे दान नव्हे, ते ऋण होय.

शिवाय हे ऋण केवळ पैशाने फिटत नाही. यंत्र बिघडते, कधी ते चालू करावयाचे राहून जाते. हस्तकाचे आपल्या कुत्र्यावर जिवापाड प्रेम असले, तरी थकव्यात वा काळजीत त्यासही विसर पडू शकतो. म्हणून एकाच माणसाच्या स्मरणावर मुक्या जिवाचे प्राण टांगून ठेवणे धोक्याचे आहे. कामावरून परतताच गाडी रिकामी असल्याची खात्री दुसऱ्या शिपायाने करावी व तशी नोंद वहीत करावी. वही आणि दोन डोळे यांस मोठा खर्च लागत नाही. लागते ती शिस्त. कुत्र्याकडून जी शिस्त माणूस अपेक्षितो, ती त्याने स्वतःही पाळली पाहिजे.

ही शिकवण केवळ पोलिसांपुरती नाही. बाजारात किंवा देवळापुढे उभ्या असलेल्या बंद मोटारीत एखादे कुत्रे धापा टाकताना दिसले, तर मुलांनी 'मालक येईलच' असे म्हणून पुढे जाऊ नये. जवळच्या मोठ्या माणसास, दुकानदारास वा पोलिसास तत्काळ सांगावे. भूतदया मनात असणे चांगलेच. पण ती वेळेवर पोचली तरच जीव वाचतो.