शिकाऊ हातांना डोकं हवं आहे

धाराशिव जिल्ह्यात केस कापायला शिकणाऱ्या आपल्याच मुला-मुलींसाठी एक मागणं घेऊन हे लिहितो आहे. देणगी नको, जुनी खुर्ची नको, आरसाही नको. महिन्या-दीड महिन्याने तुम्ही कटिंगला जाताच. त्यातली एखादी कटिंग शिकाऊ हाताकडून करून घ्या. तास-दीड तास निवांत बसा आणि डोकं त्याच्या हवाली करा.

हे मागायची वेळ का आली? पूर्वी हा धंदा घरातच शिकला जायचा. बाप गावकी करायचा, सुगीला बलुतं आणायचा, आणि पोरगा त्याच्याशेजारी बसून आधी वस्तऱ्याला धार लावायला शिकायचा, मग भावा-चुलतभावांच्या डोक्यांवर हात बसवायचा. घर भरलेलं असायचं, त्यामुळे डोक्यांची ददात नव्हती. आता शिकणारं पोर कुठल्याही घरातलं असतं. उमरग्याकडच्या शेतमजुराची मुलगी असते, भूमचा बारावी होऊन बसलेला मुलगा असतो. घरात माणसं चार, त्यातली दोन पोटासाठी पुण्याला. सरावाला बसणार कोण?

शिकायची सोय मात्र पूर्वीपेक्षा वाढली आहे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या 18 व्यवसायांमध्ये नाभिक व्यवसाय आहे. पाच ते सात दिवसांचं, म्हणजे 40 तासांचं मूलभूत प्रशिक्षण, दिवसाला 500 रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी 15 हजार रुपयांपर्यंतचं व्हाउचर आणि पुढे कमी व्याजाचं कर्ज मिळतं. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांमध्ये ब्यूटी पार्लरचा साधारण महिन्याभराचा वर्ग मोफत चालतो. आयटीआयच्या व्यवसायांच्या यादीत कॉस्मेटॉलॉजी हा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शिवाय गावोगावच्या सलूनमध्ये आणि पार्लरमध्ये मालकाच्या हाताखाली शिकणारे कितीतरी आहेत. सरकार कात्री देईल, विद्यावेतन देईल. डोकं देऊ शकत नाही. ते आपणच द्यायचं आहे.

काही जण म्हणतील, डमीवर शिकावं की! शिकतातच. प्लास्टिकच्या मुंडक्यावर केसांचे चार भाग कसे पाडायचे, बट किती ताणून धरायची, कंगव्यावरून कात्री कशी चालवायची, एवढं येतं. पण डमीचे केस कारखान्यात एकसारखे लावलेले असतात. माणसाचे तसे नसतात. कुणाच्या डोक्यावर एक भोवरा, कुणाच्या दोन. कुणाच्या कपाळावरची बट उलटीच फिरते. मानेवर कुणाचे केस खाली वाढतात, कुणाचे आडवे. लहानपणी पडल्याची खोक असते, तिथे केसच उगवलेले नसतात. कुरळे केस ओले असताना कानाखाली येतात आणि वाळले की वर सरकतात. आणि जिवंत माणूस मान हलवतो, खोकतो, फोन वाजला की वळतो. यातलं एकही डमी शिकवत नाही.

एका वर्गात पाहिलेलं सांगतो. पन्नाशीचे एक गृहस्थ खुर्चीत बसले होते आणि विशीतली मुलगी कापत होती. मागचं-बाजूचं छान जमलं होतं. माथ्यावरच्या भोवऱ्याशी आली आणि तिथले केस उभेच राहायला लागले. ते बसावेत म्हणून तिने आणखी थोडे कापले, तर जास्तच उभे राहिले. ती पुन्हा कात्री लावणार, तोच शिकवणाऱ्या बाईंनी तिचा हात धरला. म्हणाल्या, "तिथं कापू नगंस. लांबी ठेव, म्हंजे केस आपल्या वजनानं बसतोय." मग त्यांनी त्या गृहस्थांची परवानगी घेतली, वर्गातल्या सगळ्यांना जवळ बोलावलं आणि एकेकाला बोट फिरवून भोवऱ्याची दिशा बघायला लावली. उजवीकडे फिरतो की डावीकडे, ते बोटालाच कळतं. त्या एका डोक्याने अख्ख्या वर्गाला जे दिलं, ते फळ्यावर लिहून देता आलं नसतं.

आता स्वतःच्या घरापुरता विचार करा. आपल्याकडे जावळ काढायला कुलदैवताच्या दारी जायची रीत आहे. तुळजापूरला तर दुरून दुरून कुटुंबं येतात. वर्षा-दीड वर्षाचं लेकरू, अजून पुरती न भरलेली टाळू, आणि लेकरू रडून हातपाय झाडतंय. अशा वेळी वस्तरा धरणारा हात कसा असावा असं तुम्हाला वाटतं? त्या हाताखालून आधी शंभर मोठी माणसं गेलेली असावीत, असंच ना? त्या शंभरांत कुणीतरी बसायला हवं. मोठ्या माणसाच्या डोक्यावर उस्तादांच्या देखत झालेली चूक पंधरा दिवसांत भरून येते. सराव न होताच दुकान टाकलेल्या माणसाची चूक मात्र गिऱ्हाइकाच्या माथी जाते, नवरदेवाच्या, नवरीच्या, लेकराच्या.

पहिलं डोकं देणाऱ्याची किंमत काय असते, ते कोल्हापूर जिल्ह्यातल्या हासूरसासगिरीच्या शांताबाई यादव यांच्या गोष्टीत दिसतं. 1980च्या दशकात नवरा गेला. चार मुली पदरात, आणि मजुरीत भागेना. नवऱ्याचा वस्तरा घरात होता. पण बाईने वस्तरा हातात घ्यायचा हे कुणी पाहिलेलं नव्हतं. गावातले हरिभाऊ कडूकर यांनी हा धंदा करायला सुचवलं, आणि नुसतं सुचवून थांबले नाहीत. पहिलं गिऱ्हाईक म्हणून ते स्वतः बसले. त्यानंतर गावातले बाकीचे आले. शांताबाईंनी त्याच वस्तऱ्यावर मुली वाढवल्या, त्यांची लग्नं केली. उपदेश करायला गावात पुष्कळ माणसं असतात. कडूकरांनी हनुवटी वर केली आणि गळा पुढे केला. आपल्या जिल्ह्यातही एकल बाया हे काम शिकायला पुढे येत आहेत. त्यांच्यापुढे हनुवटी वर करणारी माणसं हवीत.

आणखी एक उदाहरण बाबासाहेबांच्या घरातलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात त्यांनी साताऱ्यातल्या लहानपणाविषयी सांगितलं आहे. गावात न्हावी होते, घरात पैसे द्यायची ऐपत होती, तरी अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. म्हणून मुलांचे केस थोरली बहीण कापायची, आणि भावांच्या डोक्यांवर सराव करत करत ती त्यात तरबेज झाली. तेच बाबासाहेब 1941 साली आपल्या कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. दुकानात अस्पृश्यता पाळून कुणाला नाकारणं 1955च्या कायद्याने गुन्हा आहे. पण खुर्चीला दोन बाजू असतात. कुणाचे केस कापायचे, ही एक. कुणाच्या हातून कापून घ्यायचे, ही दुसरी. आज हे काम सगळ्या जातींची, सगळ्या धर्मांची मुलं शिकताहेत. माझी कळकळीची विनंती आहे, खुर्चीत बसताना शिकणाऱ्याचं आडनाव विचारू नका. गावातले पाटील, सरपंच, मास्तर, डॉक्टर यांनी आधी बसावं. त्यांना बघून बाकीचे बसतील.

याच्याच जोडीने एक गोष्ट स्पष्ट बोललेली बरी. सरावासाठी डोकी हवीत म्हटलं की काहींची नजर लगेच वसतिगृहातल्या पोरांकडे, ऊसतोड कामगारांच्या मुलांकडे, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांकडे जाते. तिथे मोफत सेवा जरूर द्यावी. पण ती बऱ्यापैकी हात बसल्यावर, शिक्षक सोबत असताना आणि त्या माणसाने स्वतः हो म्हटल्यावरच. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या डोक्यावर हात बसवायचा आणि साहेबांच्या मुलांनी तयार कारागिराकडे जायचं, हे आपल्या जिल्ह्यात होता कामा नये. म्हणूनच हे आवाहन आधी त्यांना आहे, ज्यांच्या खिशात कटिंगचे पैसे आहेत.

बायकांना वेगळं सांगायचं आहे, कारण सगळ्यात मोठी अडचण तिथेच आहे. पार्लरच्या वर्गातल्या मुली एकमेकींच्या भुवया कोरून थ्रेडिंग शिकतात, मेंदी-मेकअपही एकमेकींवर करतात. पण वर्गातल्या किती जणींनी केस कापून घ्यावेत? एकदा कापले की वाढायला महिने लागतात. खेड्यातल्या आपल्या बहुतेक आया-बहिणींचे केस आयुष्यभर घरातच, फार तर शेंड्याला कात्री लावून सारखे केलेले असतात. वेणी कापून द्या असं कुणी म्हणत नाही. शेंड्याची दोन बोटं लांबी दिली तरी खूप. लांब केस ओले करून, विंचरून, खालची कड सरळ एका रेषेत कापणं दिसायला सोपं वाटतं, पण करताना घाम फुटतो. खुर्चीतल्या बाईने मान जराशी कलवली तरी रेष तिरकी जाते. फाटे फुटलेले, उन्हाने राठ झालेले, पिकलेले, गळून विरळ झालेले, सगळ्या प्रकारचे केस शिकणारीला हाताळायला मिळाले पाहिजेत. नवरा गेल्यावर ज्यांना नटण्यापासून लांब ठेवलं जातं, त्या माउलींनीही यावं. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. डोक्यावरून मायेने कंगवा फिरवून घ्यायला तर कुठल्या ठरावाचीही वाट पाहायला नको.

बसायला जाल तेव्हा थोडी तयारी करून जा. आदल्या दिवशी केस धुवा आणि त्या दिवशी तेल लावू नका. घाई असेल त्या दिवशी जाऊ नका. तयार कारागीर ज्याला वीस मिनिटं घेतो, त्याला शिकाऊ हात तास घेईल. डोक्यात नायटा, उवा, जखम असेल तर आधी बरं होऊ द्या. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर दाढीला बसण्याआधी सांगा. केस रंगवायच्या सरावाला बसणार असाल तर दोन दिवस आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून बघायला सांगा. खाज सुटली, लाली आली तर रंगाला ठाम नकार द्या. काळ्या रंगाची ॲलर्जी चेहरा सुजवते, ती किरकोळ समजू नका.

आणि खरं बोला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे समोरच्याचं मन राखायची सवय आहे. कल्ला वर-खाली झाला तरी आपण "छान झालंय" म्हणून उठतो. शिकणाऱ्याचं त्याने नुकसान होतं. कंगवा टोचला का, मशीन तापून चटका बसला का, पाणी मानेवरून पाठीत गेलं का, कानामागे केस राहिले का, हे तिथल्या तिथे शांतपणे सांगा. ओरडू नका, कुणाच्या देखत हसू नका. हात थरथरत असेल तर दोन शब्द बोला. काय हवंय तेही नीट सांगा. "बारीक करा" एवढ्याने भागत नाही, बोटाने लांबी दाखवा. गिऱ्हाइकाच्या बोलण्यातून त्याच्या मनातलं ओळखणं हा या धंद्याचा निम्मा भाग आहे, आणि तोही सरावानेच येतो.

शिकवणाऱ्या संस्थांना आणि सलूनमालकांनाही हात जोडून विनंती. लोकांनी विश्वासाने डोकं द्यावं असं वाटत असेल, तर प्रत्येक माणसाला नवं पातं, तेही त्याच्यासमोर कागद फाडून लावलेलं, ही पहिली अट. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे आजार आहेत, वापरलेल्या पात्यातून धोका होऊ शकतो. धुतलेला टॉवेल, जंतुनाशकाने पुसलेली कात्री आणि कंगवा हवा. शिक्षक शेजारी उभा हवा. मुलांवर सोडून चहाला गेला असं नको. शेवटचा हात त्याने फिरवून द्यावा, म्हणजे आलेला माणूस वेडावाकडा होऊन घरी जाणार नाही. वस्तरा पहिल्या आठवड्यात कुणाच्याही गळ्याला लावू नये. बायकांसाठी आडोसा आणि शिकवायला बाई असावी. फोटो काढायचा तर विचारून, आणि मोबाईलवर टाकायचा तर पुन्हा विचारून.

वेळेचंही सांगतो. श्रावणात बरेच जण केस-दाढी करत नाहीत, नवरात्रात तर आपल्या भागात नऊ दिवस कात्री लागत नाही. वर्ग मात्र चालूच असतात आणि पोरं रिकाम्या खुर्चीपुढे बसून राहतात. ज्यांना श्रावण पाळायचा आहे त्यांनी आषाढात यावं. जे पाळत नाहीत त्यांनी श्रावणातच यावं, तेव्हा गरज जास्त असते. श्रावण वद्य द्वादशीला संत सेना महाराजांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी गावोगावी माणसं जमतात. तिथेच एक वही ठेवून सरावाला बसणाऱ्यांची नावं लिहून घ्यावीत असं मी नाभिक समाजाच्या मंडळांना सुचवतो. नाव, गाव, सोयीचा वार, एवढं पुरे.

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम, परंडा, तुम्ही कुठेही असा, चौकशी जवळच करा. तालुक्याच्या आयटीआयमध्ये विचारा, बँकेत आरसेटीच्या पुढच्या वर्गाबद्दल विचारा, नेहमीच्या सलूनमालकाला विचारा की तुमच्याकडे कुणी शिकतंय का. कॉलेजच्या मुलांनी मित्रांना घेऊन जावं, बचत गटाच्या बायकांनी बैठकीतच ठरवून चौघी-पाच जणींनी मिळून जावं, म्हणजे संकोच वाटत नाही. सलूनच्या सुट्टीच्या वारी गिऱ्हाईक नसतं. मालक राजी असेल तर त्या दिवशी शिकाऊ पोरांना खुर्ची मोकळी मिळते आणि उस्तादालाही शिकवायला सवड असते. आपल्याकडे ही सुट्टी बहुतेक ठिकाणी सोमवारी असते. येत्या सोमवारी कोण बसणार, ते आजच आपल्या सलूनमालकाला सांगून ठेवा.