पंपाची लाज कशासाठी?

दमेकऱ्याच्या घरी एक वस्तू अद्यापही कपाटाच्या खणात दडवून ठेवलेली असते. ती म्हणजे श्वासावाटे औषध घेण्याचा पंप. मुलगी उपवर असेल तर तो पाहुण्यांच्या दृष्टीस पडू नये, अशी खबरदारी सुशिक्षित घरांतूनही घेतली जाते. पंपाची सवय लागते, या समजापायी गोळ्यांवर वर्षे काढणारी माणसे आमच्या पाहण्यात आहेत. वस्तुतः गोळीतील स्टेरॉइड मिलिग्रॅममध्ये मोजतात, तर पंपातील मायक्रोग्रॅममध्ये. आणि ते थेट श्वासनलिकेत पोचते.

खरा धोका निराळाच आहे. धाप लागली की निळा पंप ओढावयाचा आणि बरे वाटले की सारे विसरावयाचे, हा आपला शिरस्ता. त्याने आकुंचित नलिका काही तास मोकळ्या होतात. आतील सूज तशीच राहते. म्हणूनच प्रौढ व कुमारवयीन रुग्णांना केवळ या पंपावर ठेवू नये, असे ‘जीना’ या जागतिक मंडळाने २०१९ साली बजावले. सूज उतरविणारे औषध डॉक्टरांना न विचारता बंद करणे म्हणजे पुढच्या झटक्याला आमंत्रणच होय.

डॉक्टरांनाही आमचे सांगणे आहे. नुसती चिठ्ठी लिहून भागत नाही. मास्तर जसा पाठ म्हणवून घेतो, तसा पंप रुग्णाकडून समोर ओढवून घ्यावा. धाप वाढल्यास काय घ्यावे, कोणत्या क्षणी रुग्णालय गाठावे, हे मराठीत लिहून द्यावे. बुडेसोनाइडचा पंप २०२२ च्या राष्ट्रीय आवश्यक औषधसूचीत आहे. महापालिकेच्या दवाखान्यांत तो बारमाही मिळतो काय, हे नगरसेवकांनी एकदा स्वतः जाऊन पाहावे.