बंदुकीच्या नळीच्या टोकाला काय लावतात आणि का?

काळभैरवनाथाचं सोनारी ज्या तालुक्यात येतं, त्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी 'मलिक-ए-मैदान' ही तोफ होती. १५४९ मध्ये ओतलेली ही अजस्र तोफ १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली. तिच्या तोंडावर जबडा उघडलेला सिंह कोरलेला आहे. तो फक्त धाकासाठी. तोफ डागल्यावर कान वाचवायला गोलंदाज शेजारच्या पाण्याच्या हौदात उडी मारायचा, असं विजापुरात आजही सांगतात.

आज नळीच्या तोंडाशी जे बसवतात, ते मात्र कामाचं असतं. ३० डिसेंबर २०२५ ला संरक्षण मंत्रालयाने पुण्याची भारत फोर्ज आणि पीएलआर सिस्टिम्स यांच्याशी सव्वाचार लाखांहून जास्त कार्बाइनचा करार केला. किंमत सुमारे २,७७० कोटी रुपये. कार्बाइनची नळी आखूड असते. त्यामुळे काही दारू नळीबाहेर जळते, आणि झगझगाट व आवाज दोन्ही वाढतात. म्हणून टोकाच्या आट्यांवर काय बसवायचं, हा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा ठरतो.

पर्याय मुख्यतः चार:

फ्लॅश हायडर: बाहेर पडणारा वायू विखुरतो, ज्वाळा कमी दिसते. रात्री जवानाचे डोळे दिपत नाहीत. आवाज तेवढाच राहतो.

मझल ब्रेक: वायू बाजूला वळवतो, खांद्याला बसणारा धक्का कमी होतो. पण आवाजाचा मारा बाजूच्या माणसावर वाढतो.

कॉम्पेन्सेटर: वायू वरच्या दिशेने सोडतो, त्यामुळे नळीचं तोंड उसळत नाही.

सप्रेसर: आतल्या कप्प्यांत वायूचा वेग आणि दाब उतरतो. रायफलचा आवाज साधारण १६० डेसिबल असतो, तो २० ते ३० डेसिबलने घटतो. सिनेमातला 'फुस्स' आवाज विसरा. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जाते, तिचा कडाका राहतोच. शिवाय वजन वाढतं, उष्णता साठते आणि स्वयंचलित शस्त्रात थोडा वायू जवानाच्या तोंडाकडे मागे येतो.

म्हणजे एक फायदा घेतला की दुसरीकडे किंमत मोजावी लागते. खोलीत शिरणाऱ्या तुकडीला मझल ब्रेक त्रासाचा, तर लांबून एकेक गोळी झाडणाऱ्या स्नायपरला तोच उपयोगी. आटेही नेमके जुळायला हवेत. सप्रेसर जरा तिरका बसला तर गोळी आतल्या पडद्याला धडकू शकते.

आता आपल्या कामाचं. रानडुकरांमुळे पिकाची राखण करणारे परवानाधारक शेतकरी आपल्याकडे आहेत. त्यांनी हे लक्षात ठेवावं: शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम २ मध्ये आवाज किंवा झगझगाट कमी करणारी जोडणीसुद्धा 'अग्निशस्त्र' याच व्याख्येत येते. बंदुकीचा परवाना आहे म्हणून सायलेन्सर चालेल, असं समजू नका. ऑनलाइन 'साधा सुटा भाग' म्हणून काही दिसलं, तरी मागवण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा. कानांसाठी चांगले इअरमफ मिळतात, आणि त्यांना परवाना लागत नाही.